पाटाकडेचा मोकळा रस्ता

ऐका. शेकोटीजवळ सरका, आणि मनगटावरचं ते लुकलुकणारं यंत्र जरा झाका, डोळ्यात जातंय. उद्या सांज करून पाटाच्या रस्त्यानं निघणार म्हणता? गारव्याला? बरं. तंबू ठोकलेत, केळी खाल्लीत, मांड्यांना तेल चोळून झालं. आता एवढी गोष्ट ऐका, मग कुठं जायचं ते जा.

धरणापाशी हिरवी पाटी पाहिलीत ना? ‘वाहनमुक्त सायकल मार्ग’. तिचं उद्घाटन करायला साहेब आले ते गाडीतून. पाटीपुढे सायकलवर बसून फोटो काढला, मागून एकानं सायकल धरली होती, कारण साहेबांना तोल सांभाळता येत नव्हता. आणि गेले गाडीतून. तेव्हापासून जो येतो तो खूश. काय शांत रस्ता! मोटार नाही, फटफटी नाही, माणूस नाही. अरे, पण का नाही? एवढा सपाट रस्ता, वर झाडाची सावली, शेजारी पाणी, आणि आमच्या गावचा माणूस पाण्याची पाळी असली तरी अंधारात तिकडे पाऊल टाकत नाही. का टाकत नाही, हे एकानं तरी विचारलं? मोकळी जागा दिसली की तुम्हा लोकांना वाटतं, आपल्यासाठीच राखून ठेवली आहे.

तर अमोघ केळशीकर. पुण्याचा. तुमच्या फोनात जो नकाशा आहे ना, तो त्यानंच काढलेला. गाडीवाल्यांचा त्याला भारी तिटकारा. गाडीतून हिंडणारा माणूस म्हणजे मेलेला माणूस, असं काहीबाही तो सगळ्यांना ऐकवायचा. अंगाला चिकटलेले कपडे, आणि पायात ते बूट. तुमच्यातल्या दोघातिघांच्या पायात आहेत तसलेच. तळाला खटका. पेडलावर दाबला की खट्ट, माणूस सायकलला बांधला गेला. टाच फिरवली की सुटतो म्हणे. बैलाला आपण जू घालतो. हा स्वतःच घालून घेतो आणि चारचौघांत मिरवतो.

दिवस मावळता मावळता तो कोंढार फाट्यावर भिकाजीच्या टपरीत चहाला थांबला. तिथून धरणापर्यंत सगळा पाटच पाट. भिकाजीनं त्याला सांगितलं, रात्रीचे देवळात पडा, पहाटे निघा. पण हा कसला ऐकतो! धरणापाशी त्याच्या क्लबातली माणसं पोराबाळांना घेऊन उतरली होती, आणि यानं नकाशावर लिहिलं होतं की रस्ता दिवसा-रात्री केव्हाही चालवण्याजोगा आहे. आता तोच अंधाराला भिऊन देवळात झोपला तर इज्जत जाते की नाही? मग भिकाजी म्हणाला,

“जावा मग. पन पाटावं कुनी भेटलं, तर आदी इचारा, आज पानी कुनाचं? जिता मानूस आसंल तर नाव सांगंल. न्हाई सांगितलं, तर सायकल टाका, उघडा पाय जमिनीला लावा, आन मागं फिरा.”

ही आमच्याकडची रीत आहे. रात्री पाटावर माणूस जायचा तो एकाच कामाला. ज्याच्या शेताची पाळी, त्याचं नाव जिभेवर असतंच. दुसरं कुणी तिथं कशाला मरायला जाईल? आणि विचारायचं ते रंगनाथ पाटकऱ्यामुळं. पाटकरी म्हणजे पाटाची दारं उघडणारा, पाणी वाटून देणारा सरकारी माणूस. रंगनाथ रात्रभर काळ्या सायकलवरून हिंडायचा, दारं फिरवायची लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून. एका अवसेला त्याची पाळी सोडवायला यायचा होता तो बदली माणूस आलाच नाही. दारू पिऊन पडला होता घरी, मुडदा! रंगनाथ तसाच दमून दुसरी पाळी करायला गेला आणि ओढ्याजवळ, जिथं पाट जमिनीखाली शिरतो, त्या सायफनात सायकलसकट गेला. टोपी तेवढी काठाला लागली. माणूस नाही. तेव्हापासून तो बदली माणूस शोधतो. पायी जाणाऱ्याला काही करत नाही, नुसता शेजारून जातो. पाटकऱ्याच्या कामाला सायकलवाला लागतो ना, म्हणून.

भिकाजीनं हेही सांगितलं. अमोघ हसला. गावाकडच्या गोष्टी किती छान असतात, म्हणाला. छान! जीव वाचवायला सांगितलेली गोष्ट याला छान वाटली. आणि निघाला.

पाटावर चढला तर समोरून वारा. धरणाकडून येतो तो वारा, छातीला हात लावून ढकलल्यासारखा. भल्याभल्यांची मांडी भरून येते. अमोघ वाकला, दात खाऊन पेडल मारू लागला. एवढ्यात पुढं एक दिवा दिसला. पिवळा, मिणमिणता, आणि डायनामोची घरघर. काळी सायकल, वर खाकी कपड्यातला माणूस, ताठ बसलेला.

आता बघा. आमचा अडाण्यातला अडाणी गडी काय करील? लांबूनच हाळी देईल, पाणी कुणाचं? आणि या शहाण्यानं काय केलं? तुम्हा लोकांची ती रीत आहे ना, पुढच्याच्या चाकाला चाक भिडवून चालायचं, म्हणजे वारा त्याला लागतो आणि आपण आडोशाला? तेच केलं. ना ओळख ना पाळख, जाऊन त्याच्या मागे चिकटला. वर म्हणतो काय, थँक्यू काका.

आणि वारा थांबला. एकदम. मांडी हलकी झाली. सायकल अशी सरसर चालली की अमोघला वाटलं, आज आपल्या अंगात काही वेगळाच जोर आहे. जोर कसला, डोंबल!

डावीकडे एक पूल गेला, कठडा तुटलेला. थोड्या वेळानं पूल गेला, कठडा तुटलेला. असतात असे पूल, म्हणाला मनाशी. मग पुन्हा तोच पूल, आणि तुटक्या कठड्यावर तेच फडकं अडकलेलं. फोनात बघितलं तर त्याचा ठिपका पाण्याच्या मधोमध. पाण्याकडे बघितलं, तर पाणी धरणाकडे चाललेलं. उलटं! मग त्यानं आपल्या झगझगीत दिव्याचा झोत खाली टाकला. रस्त्यावर फुफाटा, पावलाचा घोटा बुडेल एवढा. आणि पुढच्या सायकलची चाकोरी? नाही. काही नाही. कोरा फुफाटा.

आता मात्र ब्रेक दाबला. लागेना. पाय थांबवले. थांबेनात! पेडलं आपली आपण फिरताहेत, आणि पाय बुटांत, बूट पेडलांत, गरागरा. डायनामोची घरघर वाढत चाललेली आणि तिच्या पलीकडून सायफनाचा आवाज यायला लागला. पाणी भोवऱ्यात शिरताना जसं घोटाघोटानं गिळतं, तसा. तेव्हा कुठं त्याला भिकाजी आठवला. तसा ओरडला,

“काका, आज पाणी कुणाचं?”

पुढच्यानं मान वळवली नाही. एक हात मागं केला. हातात लोखंडी चावी, तिच्यावरून पाणी गळत होतं.

“आजपासनं तुझं,” तो म्हणाला. “धर. लई उशीर केलास.”

आणि ऐका, अमोघचा हात पुढं जायला लागला. त्यानं केला नाही, आपला आपण गेला. बोटं चावीपाशी आली, गारठा लागला बोटांना. दुसऱ्या हातानं तो टाच ओढतोय, फिरवतोय, खटका काही सुटेना. रडायला लागला. आईला हाक मारली, मला सांगितलंय त्यानं स्वतः. आणि भिकाजीचं शेवटचं वाक्य डोक्यात आलं. उघडा पाय जमिनीला. खटका नाही सुटत, पण बूट तर सुटतो! बुटांचे पट्टे उपटले, एक पाय उपसला, दुसरा उपसला, आणि मोज्यांसकट अंग टाकून दिलं बाजूला. बाभळीच्या काट्यांत पडला. मोजे ओरबाडून काढले आणि दोन्ही तळवे मातीत रोवून बसला.

वारा परत सुरू झाला. तो पिवळा दिवा पुढं गेला, आणि त्याच्या मागोमाग याची सायकल, वर माणूस नसलेली, सरळ सायफनाकडे. पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

उजाडता उजाडता तो भिकाजीच्या दारात आला, रांगत. भिकाजीनं चहा दिला आणि दुपारपर्यंत त्याच्या तळपायातले काटे काढले.

आता यापुढचं ऐका, मला राग येतो तो याचा. दोन दिवसांनी हाच अमोघ सायकल शोधायला आला तो जीपमधून. तीन मित्र घेऊन, भर उन्हात, त्याच वाहनमुक्त रस्त्यावर धूळ उडवत! सायकल मिळाली नाही. मी त्याला म्हटलं, बाबा, तो नकाशा तेवढा पुसून टाक. तर खाली मान घालून म्हणतो, कारण काय लिहू? लोक हसतील. म्हणजे पोरंबाळं मेली तरी चालतील, याला हसायला नको! त्याच्या क्लबातली माणसं त्यानं गुपचूप डांबरी रस्त्यानं परत नेली. तुमच्यासाठी नकाशा तसाच ठेवला.

आणि आमचं काय झालं, ते कोण विचारतो? पूर्वी आम्ही पायी जाणारे सुखरूप होतो. नाव विचारायचं, माघारी फिरायचं, संपलं. आता आमचीही रात्रीची पाळी सुटली, उभे ऊस वाळले. कारण आता पाटावर दोन दिवे दिसतात. एक पिवळा, आणि मागे एक पांढरा, झगझगीत. त्या मागच्या सायकलची पेडलं फिरत असतात. पेडलांवर बूट आहेत. बुटांत पाय नाहीत.

जाऊ नका त्या वाटेनं. पायीसुद्धा जाऊ नका. रंगनाथाला आजवर फक्त सायकलवाला चालत होता. आता कुणीही चालतो. सायकल त्याच्याकडे आहे.