विलायती इंजिनाचा शोध

तुम्ही माझ्या जुन्या मोटरसायकलला हसता, पण तिचं कुळ शोधायला मी पिंप्राळ्याहून पार धुळ्याला गेलो होतो. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. गाडी पूर्ण उघडली, तेव्हा नंबरांवरून कळलं की चेसिस विलायतेहून आलेल्या पहिल्या लॉटची आणि इंजिन मात्र नंतरचं, इथं बनलेलं. माझा जीव हळहळला. विचारत विचारत पहिले मालक सापडले, धुळ्यातल्याच देवपूरचे आबा. गाडी दारात पाहून ते कितीतरी वेळ टाकीवरून हात फिरवत राहिले.

"आबा, हिचं मूळ इंजिन कुठं गेलं?"

"साडूला दिलं. त्याची गाडी याच कंपनीची, पण नंतरची. नवीन लग्न झालेलं आणि गाडी दर चौकात बंद पडायची. मेहुणी रडकुंडीला यायची. मग आम्ही इंजिनं बदलून टाकली."

"म्हणजे बंद पडणारं तुम्ही घेतलं? घरात तुमच्या बायको, अक्का, काही बोलल्या नाहीत?"

"ती कशाला बोलेल? तिला धक्का मारायची सवय होती."

आतून अक्कांचा आवाज आला, "व्हती नही, अजून शे! गाडी गई, आते यास्लेच ढकलस मी!"

आता धक्के आपल्यालाच, हे ऐकून आबा लाजून हसले. साडूंचा पत्ता मी विचारलाच नाही.