पहिला भाव

(पाचूबंदरचा मासळी बाजार, संध्याकाळ. लुईझाच्या टोपलीशेजारी, बर्फाच्या पेटीला टेकवलेला मोबाइल; त्यावर तिच्या मुलीचा परदेशातला बुद्धिबळाचा डाव थेट चालू, समोर जयवंत सर बसलेले.)

जयवंत सर : नको म्हणाली! जॉर्जियाच्या बाईनं आपण होऊन ड्रॉ विचारला आणि तुमच्या शर्लिननं सरळ मान हलवली.

लुईझा : ड्रॉनं अर्धाच तं मिलतो.

जयवंत सर : अर्धाच हवा होता, लुईझाबाई! आपल्या बाकीच्या तिघींचे डाव संपले. हा अर्धा गुण आला की भारताच्या मुलींना कांस्यपदक. नाही आला तर विमानातून थेट घरी.

लुईझा : मंग नको का म्हनली?

जयवंत सर : ते मी तुम्हाला विचारणार होतो. माझ्या क्लासात असलं काही शिकवत नाहीत.

लुईझा : त्या बाईनं पयल्यांदाच विचारलं?

जयवंत सर : पहिल्यांदाच.

लुईझा : मंग बरोबर हाय. पयल्या भावाला कोन देतो? एवढीशी होती तवापासून टोपलीपाशी बसायची. मीच शिकवलंय तिला. गिऱ्हाईक बोललं का मान हलवायची नि दुसरीकडं बघायचं.

जयवंत सर : अगदी तस्संच केलं. मान हलवली आणि छताकडे बघत बसली.

लुईझा : आता बघा, ती बाई वाढवंल.

जयवंत सर : यात वाढवत नाहीत हो. अर्ध्याचा पाऊण होत नाही.

लुईझा : परत तरी विचारंल?

जयवंत सर : कशाला? मधल्या वेळात आपला हत्ती गेला.

लुईझा : मंग हिनं विचारावं.

जयवंत सर : आत्ताच विचारलं.

लुईझा : मंग?

जयवंत सर : त्या बाईनं मान हलवली.

लुईझा : तिची आय पन मासलीच विकते का काय?

जयवंत सर : शक्यता आहे.

लुईझा : तुमी सर ना तिचे? कायतरी सांगा तिला.

जयवंत सर : मी काय सांगणार? सातिवलीच्या गाळ्यावर माझा क्लास, खाली वेल्डिंग. ती आठवीत असतानाच मला हरवायला लागली. आणि खेळणाऱ्यांचे फोन तर हॉलच्या दारातच काढून घेतात.

लुईझा : सकालीच चर्चात मेनबत्ती लावलीय मी.

जयवंत सर : चांगलं केलंत. सोबत हत्ती असता तर आणखी बरं झालं असतं.

गिऱ्हाईक : मावशी, ही दोन पापलेटं पाचशेला द्या.

लुईझा : थांब जरा. सर, काय झालं?

जयवंत सर : संपलं. डाव सोडून हात मिळवला.

लुईझा : रडते?

जयवंत सर : नाही. दुसरीकडे बघतेय.

गिऱ्हाईक : मावशी, पाचशे. बोला.

लुईझा : ने.

गिऱ्हाईक : लगेच? ...ताजी आहेत ना?