सहा संत्री, सहा सरक्या

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय यशवंतराव, व्यासपीठावरचे पाहुणे, माझे सहकारी, पालक मंडळी आणि वर्गात कधीच इतके शांत न बसलेले माझे विद्यार्थी,

निवृत्तीच्या या शालीबद्दल, श्रीफळाबद्दल आभार. उभी राहूनच बोलते, पण टेबलाला धरून. इतकी वर्षं फळ्यासमोर काढली, आता गुडघे ऐकत नाहीत. मी थकले आहे, हे आज सरळ सांगते.

विज्ञान शिकवायला आपल्याकडे होतं काय? संत्री होती नि कापसाची सरकी होती. सहा संत्री म्हणजे प्रोटॉन, धनभाराचे. त्यांना चिकटून सहा लिंबं, बिनभाराचे न्यूट्रॉन. भोवती तारेच्या कड्यांवर सहा सरक्या, ऋणभाराचे इलेक्ट्रॉन. झाला कार्बनचा अणू! धन सहा, ऋण सहा, एकूण भार शून्य.

गेल्या वर्षी मधल्या सुट्टीनंतर बघते, तर एक संत्रं गायब. ही समोर बसलेली डिंपल उभी राहिली. "मॅडम, भूक लागली होती, म्याच खाल्लं. पण आता हा कार्बन नाही राह्यला जी, पाच प्रोटॉनचा बोरॉन झाला. अन् एक सरकी जास्तीची होऊन राह्यली." रागवायचं राहूनच गेलं. सरकी हरवली असती तर कार्बन कार्बनच राहिला असता, नुसता भार बदलला असता. हे पोरीला संत्रं खाऊन कळलं. याहून बरा धडा मी तरी कधी शिकवला?

ती डिंपल यंदा दहावीला आहे. माझ्या जागी अजून कोणी नेमलेलं नाही. आणि अध्यक्षसाहेबांनी आत्ताच टाळ्यांच्या गजरात जाहीर केलं, की मॅडम उद्यापासूनही सेवाभावानं, बिनपगारी येत राहतील. यशवंतराव, तुमचा मान राखून सांगते, मी येणार नाही.

वाईट वाटतंय. डिंपलकडे बघवत नाही. पण धन-ऋण सारखं असलं, की बाहेरून काही जाणवत नाही. मी येत राहिले, तर वरच्यांना सगळं ठीकच दिसेल आणि ही जागा कधी भरणार नाही. एक कमी झाला, की मगच भार कळतो. कळू द्या. जिल्ह्याचं कार्यालय आता पांढुर्ण्यातच आहे, छिंदवाड्याला जायची गरज नाही. पालकांनो, सोमवारी नवा शिक्षक मागायला चला, मीही येते. तिथे मात्र टेबल न धरता उभी राहीन.

तुम्ही ऐकून घेतलंत, उपकार झाले. काही कमी-जास्त बोलले असेन तर पोटात घाला. ही शाल मी खुर्चीवर ठेवून जाते आहे. नवे शिक्षक येतील, त्यांच्या खांद्यावर घाला.