मामा रुसला, घास अडला

यवतच्या दवाखान्यात भागूबाई गुडघा दाखवायला बसल्या होत्या. शेजारी एक सासू, तिची गप्प सून आणि सुनेच्या मांडीवर गुबगुबीत बाळ.

"केवढ्याचं झालं वो?"

"आठवा सरला, आक्का. अजून शीत तोंडाला लागलं न्हाई. समदं आईच्या दुधावर."

"आवं, सहा झाल्यावर मऊ भात द्यायचा असतोय."

"आमच्यात उष्टावण मामाच्या हातानं. पहिला घास त्याचाच. आन् हिचा भाऊ येईना."

"लांब असतोय व्हय?"

"खुटबावला."

"मग चालत आला तरी पोचंल की!"

"रुसलाय. लग्नात टॉवेल दिला, टोपी न्हाई दिली म्हणून."

"टोपीपायी लेकराचा भात अडला?"

"अडला कुठं? कसा फुगलाय बघा. नर्सबाई वजन बघून खूश झाली."

"टोपी धाडून मोकळं व्हा की."

"आमी? मुलाकडची माणसं हाय आमी. त्यानंच यावं."

"व्हय, तुमच्या मानाची टोपी पडंल न्हाई का!"

भागूबाईंनी डबा उघडून दहीभाताचा चमचा उचलला. बाळानं मान लांब केली आणि आ करून चमच्याची वाट पाहत राहिलं. सुनेचा चेहरा पांढरा पडला. तिनं भागूबाईंकडं हात जोडल्यासारखं पाहिलं.

"अगं बया! ह्याला चमचा कसा ठावं?" सासू म्हणाली.

भागूबाईंनी डबा बंद केला.

"जांभई दिली त्यानं. तुमचा मानपान ऐकून मलाबी यायला लागली."