थांबा म्हणायचा मान

हॅलो?… हॅलो, काकी? मी दिशा… हो, हो, रत्नागिरीतच, दवाखान्यातून. झाली बाबांची तपासणी.

नाही गं, चिरफाड कसली… अगं, ऐक ना. आधी निजवून हृदयाची सोनोग्राफी केली. सगळं ठीक. मग चालत्या पट्ट्यावर चढवलं, दम लागेपर्यंत. आणि धाप ओसरायच्या आत पुन्हा सोनोग्राफी…

हो, पायात आमच्या धाकट्याचे, अजिंक्यचेच बूट. हसू नकोस.

दिसलं ना, काकी. काळोखातलं पाणी हलावं तसं पडद्यावर हृदय… आणि एका बाजूची भिंत हलेचना. सगळे दोर ओढताहेत, एकाचेच हात गळालेत, तशी… रक्त पुरत नाही तिथे. आजच दाखल व्हा म्हणाल्या डॉक्टर.

ईसीजी? तो स्वच्छच होता. निजल्या जागी, दम न लागता काढलेला.

…काकी? आहेस ना?

माहीत आहे मला. लवूकाकांचाही स्वच्छच होता… त्यांचंही असंच होतं का, ते आता कोण सांगणार? नको ना विचारूस.

पुढे ऐक. छातीत दुखलं की 'थांबा' म्हणा, असं बजावलं होतं. बाबा बोललेच नाहीत. चेहरा पांढराफटक… शेवटी डॉक्टरांनीच पट्टा बंद केला.

हो, जाळं ओढताना खलाशाने 'थांबा' म्हणायचं नसतं, तो मान बोटीच्या प्रमुखाचा, तांडेलाचा. पण बाबाच तांडेल ना? तेच विचारलं मी. तर… सांगू का तुला?… म्हणाले, "त्या दिवशी लवू दोर धरून माझ्याकडे बघत होता. मी थांबा म्हटलं नाही. तो जाळ्यावरच कोसळला. आता स्वतःसाठी कुठल्या तोंडाने म्हणू?"

…

रडू नकोस गं… नाही, मलाही आजच कळलं.

आता दारात उभे आहेत. बूटसुद्धा काढत नाहीत. मिरकरवाड्याच्या बंदरावर जातो म्हणतात, पहाटे बोट काढायचीय. आईचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच…

काय? तू बोलतेस? अगं, थोरल्या दिरांपुढे तू कधी आवाज चढवला नाहीस…

बरं. बरं. स्पीकरवर टाकते… बाबा, काकी आहे. लवूकाकांची दमयंती… मान वळवू नका, बाबा. ऐका तरी.

…

…पुन्हा म्हण, काकी. मोठ्याने. त्यांना म्हणता आला नाही तो एकच शब्द म्हण.

…

काकी… बसले खाली. बुटाच्या नाडीला हात घातलाय. गाठ सुटत नाही त्यांना…

थांब, मी सोडवते. ठेवते फोन.