चिकूला इंजेक्शन

माझा हात हलका आहे असं पेशंट म्हणतात ना, त्याचं श्रेय आमच्या वाडीतल्या चिकूंना. नर्सिंगला ॲडमिशन झाली होती, पण कॉलेज सुरू व्हायला महिनाभर अवकाश होता. शेजारच्या सिस्टर म्हणाल्या, "तोवर फळावर सुई टोचून बघ, हात बसेल."

डहाणूत फळ म्हणजे चिकू. ओट्यावर भरून ठेवलेल्या क्रेटमधल्या एकेका चिकूला मी मन लावून इंजेक्शन दिलं.

सकाळी व्यापारी टेम्पो घेऊन आला. त्याने एक चिकू उचलला, मग दुसरा. प्रत्येकावर एक बारीक भोक आणि वर सुकलेला चीक.

"भाई, ही कसली कीड? एवढं सरळ भोक पाडणारी मी अजून पाहिली नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"घरचीच आहे. पुढच्या महिन्यात नर्सिंगला चाललीय."