बॅटरी धरणारी

—ब्रश झिजले असतील हो. त्रेपन्न वर्षं माळ्यावर ट्रंकेत पडून होती ही गाडी, वर तापलेला पत्रा — खेळण्यातलं असलं म्हणून काय, इंजिनच ते. काय? झिजले नाहीत, जागेवरच नाहीत? मग उंदरांनी नेले असतील. हो, तेही खरंच, उंदीर काही ब्रशवरची टोपणं पुन्हा घट्ट बसवून जात नाही. मला ठाऊक आहे, बत्तीस वर्षं मिक्सरच्या कारखान्यात मोटारी जोडल्यात मी. ब्रश म्हणजे कार्बनचे दोन तुकडे, पण त्यांच्याशिवाय मोटर फिरत नाही हे मला कुणी सांगायला नको.

मग तुमच्याकडे कशाला आणलं म्हणता — सांगते ना. धाकटा भाऊ आलाय माझ्याकडे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्याच्या. वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, दिवसभर खुर्चीत नुसता बसून. म्हटलं, गाडी सुरू झाली तर निदान आवाज तरी ऐकेल. रूळ मी घासून लख्ख केले, डब्यांच्या चाकांना तेल दिलं, ट्रान्सफॉर्मरची वायर बदलली. इंजिनाला तेवढा हात लावला नाही. काय बिघडलंय विचारायला तो तुम्हाला फोन करेल, तेव्हा एवढंच सांगा, की ब्रश जुने होते, झिजून गेले. दुकानदाराने सांगितलं की पटतं माणसाला.

असं बघू नका माझ्याकडे. हो, मीच काढले होते. मी तेरा वर्षांची, तो आठ. बाबा कामावरून आले की हातपाय धुऊन ते आणि तो, दोघं रूळ मांडलेल्या फळीपाशी — आणि मी बॅटरीचा उजेड धरायची. 'जरा डावीकडे धर गं.' बाबा एकेक भाग उघडून दाखवायचे त्याला आणि शिकत होते मी, बाजूला उभी राहून. एकदा विचारलं, मी उघडू का? तर म्हणाले, तुझं काय काम त्यात. रागाने नाही, अगदी सहज म्हणाले — तेच लागलं बघा. एका दुपारी दोन्ही ब्रश काढले, मोरीत टाकले, टोपणं होती तशी लावली. दोन दिवसांनी परत बसवणारच होते मी... छे, कसली बसवते, मोरीतून काय परत येणार होते? बसवायचेच नव्हते मला.

संध्याकाळी इंजिन हलेना. बाबांनी उघडून पाहिलं आणि त्याला विचारलं, 'तू काढलेस?' नाही म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तीनदा. मी तिथेच, बॅटरी हातात. चौथ्यांदा त्याने मान वर केली, एकवार माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, हो. बाबांनी मारलं नाही हो, मारलं असतं तर बरं झालं असतं. गाडी ट्रंकेत भरली, आणि पुढे त्याला कधी काही शिकवलं नाही. तो कारकून झाला. अजून घरातला दिवा गेला तरी माणूस बोलावतो, स्क्रू ड्रायव्हर हातात धरत नाही. बाबा गेले, ते तसंच मनात धरून.

घाबरून हो म्हणाला असेल — इतकी वर्षं मी हेच धरून चालले. काल ट्रंक खाली काढली तर म्हणतो कसा, 'दुकानात कशाला नेतेस ताई, तूच बसव की. तुला तेव्हाही येत होतं.' मी म्हटलं, कारखान्यात शिकले मी ते. मी आपली चहा ठेवायला उठले.

बसव म्हणाला. वर तेव्हाही येत होतं म्हणे — कुणासमोर कधी इंजिन उघडलंच नव्हतं मी. अहो, म्हणजे त्या दुपारी त्याने पाहिलं होतं मला. आठ वर्षांचं पोर, पाहिलं होतं आणि तरी स्वतःवर घेतलं. आणि मी इथे येऊन तुम्हाला खोटं बोलायला सांगतेय.

थांबा, नका लावू ते नवे ब्रश. कागदात बांधून द्या मला. इंजिनही तसंच उघडं राहू द्या. मी लावते घरी, त्याच्यासमोर बसून. त्याचा फोन आला तर उचलू नका — नाहीतर उचला, सांगा तुमची ताई निघालीय म्हणून. बाकी काही नका सांगू. द्या इकडे.